दाढ भाजली बाळ्याने, उतार जळला आमचा

दाढ भाजताना राखणीला माणूस उभा ठेवायचा असतो, हे आता म्हातारीने मोबाईलवर शिकवायचं काय?

मंडळी, वाडीतली आणि मुंबईतली, दोन्हीकडच्यांनी ऐका. आज दुपारी शेजारच्या बाळ्याने दाढ, म्हणजे भाताच्या रोपांची जागा, भाजायला पाला पेटवला आणि हा घरी जेवायला गेला. वारा सुटला. आग सुकं गवत धरून आमच्या घरामागच्या उतारावर चढली.

गेल्या पावसात त्याच उताराची माती सुनेच्या चुलीपर्यंत आली होती. म्हणून आम्ही तिथे दगडांचे बांध घातले, माती धरायला वाळ्याचं गवत लावलं, करंजाची रोपं हंड्याहंड्याने पाणी घालून जगवली.

मी आणि सून ओले टहाळे घेऊन आग झोडत सुटलो. बाळ्याची आई अंगणातून ओरडते, "काकी, दोन घास खातोय गो तो, आलाच!"

मी म्हटलं, "मग आगीलाही पान वाढून बसव की!"

सगळी वाडी धावली तेव्हा कुठे आग विझली. घर वाचलं. वाळा मुळातून फुटेल, पण करंज गेले. उतार बोडका झालाय आणि पाऊस तोंडावर आलाय. माती अशीच उघडी राहिली तर या खेपेला ती चुलीपाशी थांबायची नाही.

उद्या सकाळी उतारावर पालापाचोळा पसरून वर काट्या दाबायच्या आहेत. बाळ्या, येतोस की नाही? हात जोडलेली चित्रं नकोत. आणि उत्तर तू द्यायचंस, तुझ्या आईने नाही.