कापूस बसेपर्यंत

बायकोला सांगितलं न्हाई, दुकानातल्या जोडीदाराला न्हाई. तुम्हालाच पहिल्यांदा सांगून राह्यलो — का, ते मलाही नक्की कळंना. पण तोंड उघडलंय, तर आता सांगूनच टाकतो.

मंठ्यात माझं लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचं दुकान. नव्वदच्या पुढची सालं होती. कॅमेरा खांद्यावर घेतलेला माणूस तेव्हा नवरदेवापेक्षा जास्त भाव खायचा — मीही खाल्ला. दोन गल्ल्या सोडून नसरीनचं घर. तिचे अब्बा गादीवाले, घरालाच लागून दुकान, दिवसभर कापूस पिंजायचे. पोरगी औरंगाबादला चित्रकला शिकून आल्ती. एक दिवस माझा जुना कॅमेरा मागायला आली. म्हटलं, कोणाचं लग्न? तर म्हणे, लग्न न्हाई, अब्बा पिंजतात ते घ्यायचंय. मी हसलो. त्यात काय पाहायचं, बाई? पण खरं सांगू? तेव्हापासून डोक्यात किडा वळवळायला लागला — ही पाहणार तरी काय?

कॅमेरा तिनं एका जागी ठेवला आणि शेवटपर्यंत हलवलाच न्हाई म्हणे. कॅसेट माझ्याकडं आणून दिली. जालन्यात अशा वेगळ्या धाटणीच्या फिल्म दाखवायचा कार्यक्रम होता, त्यासाठी नीट उतरवून द्या म्हणाली.

मी पाहिली — पाहिली कसली, पळवली. लग्नसराई होती. अब्बा पिंजतायत, पिंजतायत, मंग हातातलं ठेवून आत निघून जातात. पुढं रिकामं दुकान आणि पडद्यावर नुसते पांढरे ठिपके. आम्ही त्याला मुंग्या म्हणतो, टेप खराब झाली की येतात. आणि रिकामी फ्रेम तर आमच्या धंद्यात कचराच. लग्नातसुद्धा रिकामा मांडव दिसला की कापतो आम्ही. मी अब्बा उठेपर्यंतचं दुसऱ्या कॅसेटवर उतरवलं आणि जुनी ढिगात टाकली. दुसऱ्याच आठवड्यात तिच्यावर एक वरात घेतली. खराब टेपवर वरात चालते, अंधारात कोणाला दिसतंय?

त्याच हिवाळ्यात अब्बा गेले. नवी कॅसेट नसरीननं लावूनसुद्धा पाहिली न्हाई. माझ्यावर भरवसा होता तिचा.

जालन्याच्या हॉलमधे टीव्ही आणि व्हीसीआर मीच घेऊन गेल्तो. आधी दुसऱ्यांच्या फिल्म झाल्या. एकीत तर नुसता भिंतीवरचा उजेड सरकत होता. लोकांची चुळबूळ चाललेली, मला मात्र मजा वाटून राह्यलीती — अरे, असंही असतं? मंग नसरीन उभी राह्यली. म्हणाली, अब्बा उठून गेल्यावर घाई करू नका. हवेत उडालेला कापूस हळूहळू खाली बसतो, मला तेवढंच दाखवायचंय.

माझा हात रिमोटवर होता. मुंग्या नव्हत्याच त्या. तेव्हाच बोलता आलं असतं ना? मी बटण दाबलं. अब्बा पिंजत राह्यले, उठले, आत गेले — आणि पडदा निळा झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ती माझ्याजवळ आली. रागानं न्हाई, बरं का.

"सुरेशभाऊ, पुढचं कुठंय?"

"कॅसेटवर एवढंच होतं."

"बराबर पाह्यलं ना तुम्ही?"

"बिलकुल."

जुनी कॅसेट मागितली, तर ती मशीननं खाल्ली म्हणून सांगितलं. ती त्या निळ्या पडद्याकडं बघत राह्यली. "मंग मीच कॅमेरा बंद केला असंल," म्हणाली. "मला तर वाटतंय, चालूच ठेवलाता."

झालं, हीच ती चूक, असं वाटलं का तुम्हाला? थांबा. एवढा वेळ घोळवतोय ते पुढच्यासाठीच.

काही वर्षांनी वरातवाल्यांना त्या कॅसेटची नक्कल पाहिजे होती. मी मशीन लावून चहाला गेलो. परत येऊन पाहतो तर वरात संपलेली आणि टीव्हीवर गादीवाल्याचं दुकान. वरात जिथं थांबली, तिथून पुढचं जुनं तसंच राह्यलंतं. उन्हाच्या पट्ट्यात कापूस तरंगत होता. या वेळी मी पळवलं न्हाई. आतून अब्बांचा आवाज आला, "बेटा, बंद करो वो. खाना ठंडा होरा." आणि कॅमेऱ्याच्या अगदी जवळून नसरीनचा — "रुको अब्बा, अभी बैठा नईं."

ती कॅसेट घेऊन मी तसाच पळत जायला पाहिजे होतं. दोन गल्ल्या — किती मिनिटं लागतात? पण गेलो असतो तर 'एवढंच होतं' म्हणणारा मी कोण ठरलो असतो? न्हाई गेलो. वरातवाल्यांना नक्कल दिली आणि मूळ कॅसेट कपाटात ठेवली. दुकान बंद केलं की अधूनमधून लावतो. दर वेळी काहीतरी नवं दिसतं, कधी उंबऱ्यातली चप्पल, कधी बसता बसता पुन्हा वर उठणारा एखादा धागा. काय पाहायचं असतं ते मला आता कळतं, आणि मला भारी आवडतं, याचीच लाज वाटते.

नसरीन आता शाळेत चित्रकला शिकवते. कॅमेऱ्याला तिनं परत हात लावला न्हाई. मागं बाजारात भेटली, अब्बांचा विषय निघाला. म्हणाली, त्या शूटिंगच्या दिवसाच्या माझ्या आठवणीचं काही खरं न्हाई, भाऊ. अब्बांनी आतून जेवायला बोलावलं, मी थांबा म्हटलं, असं आठवतं. पण तसं झालंच नसंल.

मी म्हणालो, होतं असं कधीकधी.