शेवटचा नॉब

ऑफिसात सगळे त्यांना मावशी म्हणत, आणि त्यांच्या नवऱ्याने ऑफिसची पायरी कधी चढली नसली तरी तेही आपसूक सगळ्यांचे काका झाले होते. मावशी काय काम करतात असं कुणी विचारलं की काका चष्मा पुसायला घेत. "आवाज बनवते," एवढ्यावर भागत नसे. "म्हणजे गातात का?" "नाही." "वाजवतात?" "वाजवायची." मग समोरचा माणूस विषय बदलायचा आणि काका सुटायचे.

खरं तर सांगायला इतकं काही अवघड नाही. हल्ली गाणी संगणकावर बनतात. त्यासाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये एक वाद्य असतं. त्याला शंभरेक नॉब असतात. ते फिरवाल तसं त्यातून कधी बासरी निघते, कधी भोंगा, तर कधी जगात कुठेच नसलेलं काहीतरी. गाणं करणाऱ्याला चाल सुचलेली असते; तो नॉबांशी झटापट करत बसला तर चाल हातची जायची. म्हणून ती झटापट दुसरं कुणीतरी आधीच करून ठेवतं. सगळे नॉब जागच्या जागी लावायचे, त्या आवाजाला नाव द्यायचं आणि जपून ठेवायचं, याला म्हणतात प्रीसेट. असे शंभर प्रीसेट जमले की एक पॅक होतो, आणि लोक तो आपल्या सॉफ्टवेअरला वरून जोडायला विकत घेतात. असे पॅक विकणाऱ्या एका छोट्या कंपनीसाठी मावशींनी बारा वर्षांत नऊ पॅक केले होते.

नावं देण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. बाकीची मंडळी आपल्या आवाजांना 'आकाशगंगा' आणि 'अनंत' म्हणत. मावशींच्या पॅकमध्ये 'ओला टॉवेल' असे, 'वरच्या मजल्यावरचं भांडण' असे, 'चष्मा सापडला' असे. कुठून कुठून लोक लिहून विचारत, हा 'न विचारलेला सल्ला' काय प्रकार आहे? मावशी कळवत, वाजवून बघा. आणि गंमत म्हणजे वाजवलं की कळायचं.

त्याआधी सत्तावीस वर्षं त्या एका नृत्यशाळेत पियानो वाजवत होत्या. नजर कायम मुलींच्या पावलांवर. पट्ट्यांकडे बघायची सोयच नव्हती. पुढे शाळेने रेकॉर्ड केलेलं संगीत आणलं आणि मुख्य बाईंनी अतिशय गोड शब्दांत त्यांना नारळ दिला. तीन महिने मावशी घरात जेवणाच्या टेबलावर बोटं आपटत बसल्या. शेवटी त्यांच्या भाचीने आपला जुना लॅपटॉप त्यांच्यासमोर आणून ठेवला. "मावशी, यावर आपट. टेबल तरी वाचेल," ती म्हणाली. त्या पोरीचे उपकार मावशी आजही चार माणसांत बोलून दाखवतात, आणि भाची दर वेळी लाजून पाणी प्यायला उठते.

मावशींच्या कामाची एक रीत होती. सगळे नॉब लावून झाले की शेवटी एकच उरवायचा, आवाजाची धार कमी-जास्त करणारा. त्याच्यासाठी त्या डोळे मिटून घेत. पडद्यावरचा आकडा बघायचा नाही, फक्त ऐकायचं. धार हळूहळू वाढवत न्यायची, आणि एका क्षणी आवाज डोळे उघडतो, तिथे थांबायचं. "आकडा बघून लावलेला आवाज म्हणजे वजनकाट्यावर केलेलं प्रेम," असं त्या नव्या लोकांना ऐकवत. शेवटच्या नॉबला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. भाचीने एकदा लावला होता, तर दोन दिवस अबोला होता.

त्यांचे पॅक तपासायला जायचे ते ऑफिसातल्या तपासनिसाकडे. हा पस्तिशीचा गडी, इतका कमी बोलायचा की त्याला मौनीच म्हणत. शंभर आवाज तपासून तो मावशींना एका शब्दाचं पत्र पाठवी: 'चालेल.' मावशींना त्याचा रागच यायचा. दोन महिने जिवाचं रान करावं आणि याने म्हणावं चालेल.

पण पॅक बाजारात गेला की मात्र कौतुकाचा पाऊस पडे. शेवटच्या तीन पॅकांना तर विशेषच. 'हे आवाज तासन्‌तास वापरले तरी कान शिणत नाहीत,' असं एका गाणाऱ्या बाईने लिहिलं होतं. मावशींनी ते काकांना तीनदा वाचून दाखवलं, आणि काकांनी तीनदा पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं.

तर झालं असं की मावशींनी नवा संगणक घेतला. जुन्यावरचं सामान त्यावर चढवायचा कंटाळा आला, म्हणून त्यांनी आपलाच नववा पॅक चारचौघा गिऱ्हाइकांसारखा कंपनीच्या वेबसाइटवरून उतरवून घेतला. 'ओला टॉवेल दुसरा' उघडला, एक सूर दाबला आणि त्यांचा हात जागीच थांबला. आवाज मिटलेला होता, पांघरूण घेऊन बसल्यासारखा. त्यांनी दुसरा उघडला, तिसरा उघडला. सगळ्यांची तीच गत. मग त्यांनी कपाटातून जुना संगणक काढून आपली मूळ प्रत उघडली आणि आयुष्यात पहिल्यांदा शेवटच्या नॉबचे आकडे बघितले. त्यांच्या प्रतीत ब्याऐंशी, बाजारातल्या प्रतीत सहासष्ट. आपल्या पोटच्या पोराचे केस कुणीतरी परस्पर कापून आणावेत, तसं त्यांना झालं.

ऑफिस होतं छत्र्या दुरुस्त करणाऱ्या दुकानाच्या वर, दोन खोल्या आणि एक पोटमाळा. मावशी जिना चढून थेट मौनीच्या खोलीत शिरल्या. खोलीच्या भिंतींना करडा स्पंज लावलेला होता, त्यामुळे तिथे ओरडलं तरी ते अंगाला चिकटल्यासारखं वाटे. मावशी तरीही ओरडल्या.

"माझ्या आवाजांना कोणी हात लावला?"

मौनीने हेडफोन काढले. "मी."

"कधीपासून?"

"सातव्या पॅकपासून."

"दोन वर्षं? आणि मला 'चालेल' लिहून पाठवतोस? तोंडात जीभ नव्हती का तुझ्या?"

मौनीने दुसरी खुर्ची पुढे ओढली, हेडफोनचा एक जोड मावशींना दिला, दुसरा स्वतः घातला आणि पडद्यावर एक साधा सूर लावला. सूर वर चढत निघाला. शिट्टीएवढा बारीक झाला, सुईएवढा झाला. मग थांबला.

"थांबला," मावशी म्हणाल्या. "पुढे काय?"

पडद्यावर आवाजाची पातळी दाखवणारी हिरवी पट्टी अजून थरथरत होती. मौनीने डोळे बारीक केले होते, आणि सहन होईना म्हणून एका कानावरचा हेडफोन तो बोटाने दूर धरून बसला होता. मावशींनी पट्टीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा पट्टीकडे पाहिलं. एका कुशल माणसाला सगळं समजायला एवढं पुरे होतं. वरचे सूर त्यांच्या कानांनी कधीच सोडून दिले होते. आवाज उघडत नाही म्हणून त्या धार वाढवत गेल्या, आणि डोळे मिटलेले असल्यामुळे आकडा कुठवर गेला ते त्यांना कधी दिसलंच नाही. इतरांच्या कानाला ते आवाज टोचत होते.

"सगळेच?" त्यांनी विचारलं. आता आवाज खाली आला होता.

मौनीने दोन्ही प्रतींचे आकडे शेजारी शेजारी उघडले. मावशींना वाटलं होतं, याने यंत्राला एकदा हुकूम सोडला असेल, शंभरही आवाज इतक्या इतक्याने खाली आण म्हणून. एका मिनिटाचं काम. पण तसं नव्हतं. ब्याऐंशीचा सहासष्ट होता, तर सत्त्याहत्तरचा एकाहत्तर. एक पंच्याऐंशीवरून थेट अठ्ठावन्नावर होता. एकही घट दुसरीसारखी नव्हती. मावशी बोट फिरवत यादी वाचत गेल्या. याने एकेक आवाज समोर घेतला होता, त्याच्यापाशी बसला होता, त्याचं नाव काय, तो कशासाठी आहे, हे बघून नॉब मागे घेतला होता. त्या बसायच्या तितकाच वेळ. कदाचित जास्तच, कारण त्याला स्वतःच्या आणि मावशींच्या अशा दोन्ही कानांनी ऐकायचं होतं.

"हे कधी करायचास?"

"रविवारी."

"आणि हे तीन? हे आहेत तसेच आहेत."

"ते खाली आणून बघितले," मौनी म्हणाला. "बिघडले. परत तुमच्या आकड्यावर नेले. तुम्हाला ऐकूच आले नसणार ते नीट, तरी बरोबर कसे लागले, मला अजून कळलं नाही." एका दमात एवढं बोलल्यावर तो दमल्यासारखा मागे टेकला.

मावशी भांडायला आल्या होत्या, आणि आता त्यांना त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटत होतं. दोन वर्षं ज्या कौतुकावर त्या फुगल्या होत्या, त्यातलं निम्मं याचं होतं आणि याने ब्र काढला नव्हता. त्याच वेळी दुसरंही कळलं होतं. आवाज बनवणाऱ्या बाईला आवाज ऐकू येत नसेल तर तिने घरी बसायला हवं. त्यांनी मौनीच्या पाठीवर हात ठेवला, आणि त्या जिना उतरून गेल्या.

कानाच्या डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी तेच सांगितलं. वयाचं आहे, बोलणं वगैरे व्यवस्थित ऐकू येईल, वरचे सूर गेले ते गेले. मशीन लावून तुमच्या कामापुरतं बारीक ऐकू येईल याची हमी नाही.

संध्याकाळी चहाचे कप समोर ठेवून मावशींनी काकांना सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाल्या, "उद्या जाऊन काम सोडते असं सांगणार आहे. तुम्हाला धक्का बसला असेल."

काकांनी चष्मा पुसायला घेतला. "अगं, फ्रिजचं दार नीट लागलं नाही की तो टी-टी करतो."

"आपला फ्रिज? काहीतरीच. तो मुका आहे."

"दोन वर्षं मी उठून दार लावतोय."

मावशींनी स्वयंपाकघराकडे मान वळवली. "ओव्हन पण?"

"ओव्हन पण. आणि तुझं ते मनगटावरचं घड्याळ रोज सकाळी सहाला."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझं काम छान चाललं होतं," काका म्हणाले. "म्हटलं, दार काय, मी लावेन."

मावशींना आधी हसू आलं आणि मग रडू आलं, आणि दोन्ही एकदम आल्यावर चहा सांडला. आपण किती माणसांच्या हातांवर उभ्या आहोत हे त्यांना साठाव्या वर्षी कळत होतं. एकाने नॉब मागे घेतला, एकाने दारं लावली. आपल्याला मात्र वाटत होतं की आपले कान फार तयार आहेत. लाज वाटण्यासारखंच होतं ते, पण लाजेपेक्षा त्यांना भरूनच जास्त आलं होतं. अशी माणसं मिळायला आपण काय केलं, हे त्यांना आठवेना.

सकाळी त्या मालकांकडे गेल्या आणि जसं होतं तसं सांगितलं. मालक घाबरट माणूस. त्यांनी आधी दार लावलं. "हे बाहेर नको बोलूया, मावशी. लोक काय म्हणतील?"

"लोकांना आवाज आवडले, ते दोघांनी केलेत. पुढच्या पॅकवर दोघांची नावं लागणार असतील तर मी आहे. नाहीतर मी निघते." निघून करायचं काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पुन्हा जेवणाचं टेबल, दुसरं काय.

मालकांनी बराच वेळ पेन उघडलं आणि मिटलं. मग त्यांनी मौनीला बोलावून विचारलं. मौनी म्हणाला, "चालेल."

सोमवारी स्पंजच्या खोलीत दोन खुर्च्या एका टेबलाशी लागल्या. मावशींनी दहाव्या पॅकचा पहिला आवाज करायला घेतला. दुपारपर्यंत एकेक नॉब जागेवर बसला आणि शेवटचा उरला. सवयीने त्यांचे डोळे मिटले, हात नॉबकडे गेला आणि तिथेच घुटमळला. छत्रीवाल्याची हातोडी खाली टकटक करत होती, तेवढी मावशींना स्पष्ट ऐकू येत होती. त्यांनी हात काढून घेतला आणि माउस त्याच्यासमोर सरकवला.

"घे."

मौनीने धार हळूहळू वाढवत नेली. मावशी लक्ष देऊन ऐकत होत्या. एका ठिकाणी तो थांबला.

"उघडला?" त्यांनी विचारलं.

"उघडला."

त्यांना काहीच फरक कळला नव्हता. त्यांनी आवाजाला नाव दिलं, जपून ठेवला आणि पुढचा करायला घेतला.