नातीने लावलेला सिनेमा

मला तेव्हाच शंका आली. एरवी जेवण झालं की मोबाइल घेऊन खोलीत शिरणारी माझी नात त्या रविवारी स्वतःहून म्हणाली, "आजी, पप्पा, बसा ना, मिळून सिनेमा बघू." वर शेव-मुरमुरे कालवून आणले. आमच्या धुळ्यातल्या, देवपूरच्या घरात ही पोरगी सांगितल्याशिवाय चहाचा कप उचलत नाही, बरं का. म्हटलं, काहीतरी शिजतंय.

सिनेमा बॉक्सिंगचा. त्यात नवल नाही, ती बॉक्सिंगच खेळते. शिकवलं तिच्या बापानं, म्हणजे माझ्या मुलानं. त्याचं स्वतःचं खेळणं नोकरीपायी राहून गेलं. आता रोज सकाळी मैदानावर तो हातात पॅड धरतो आणि ही ठोसे मारते.

सिनेमात दोन भाऊ. थोरला धाकट्याला शिकवतो. धाकटा जिंकायला लागतो, तसा मोठ्या शहरातला कोच त्याला बोलावतो. इथे नात पडद्याकडे बघेचना. ती बापाचं तोंड बघत होती, आणि मी तिचं.

ही रीत मला ठाऊक. माझ्या माहेरी, बोदवडला, सरळ कोणी काही विचारायचंच नाही. "कोणाच्या तरी पोरीला धुळ्याचं स्थळ आलंय म्हणे," एवढंच आई बोलली आणि ज्वारी पाखडता पाखडता माझा चेहरा बघत राहिली. गोष्ट दुसऱ्याची सांगायची, मन आपल्या माणसाचं काढून घ्यायचं.

"बघा, चालला भावाला सोडून," मुलगा म्हणाला. "बेइमान!"

"नाही गेला तर इथंच राहील ना, पप्पा."

"इथं काय वाईट आहे?"

"मी सिनेमाचं बोलतेय."

"मीपण सिनेमाचंच बोलतोय."

"आणि मी मुरमुऱ्यांचं," मी म्हटलं. "तिखट झालेत." कोणी हसलं नाही.

मुलानं टीव्ही मध्येच बंद केला. तो मनातून हलला की अहिराणीवर येतो.

"कोठे जानं शे तुले?"

"पुण्याला. तिथल्या कोचचा फोन आला होता. हॉस्टेल आहे. तुम्ही नाही म्हणालात तर नाही जाणार."

"जाय," तो म्हणाला, आणि चपला घालून बाहेर पडला.

इतक्या लवकर, हो? मला पटेना. ज्यानं तिला आजवर दुसऱ्या कोणाच्या पॅडवर हात टाकू दिला नाही, तो एका शब्दात मोकळा? उद्या माझंच आजारपण पुढे करेल, परवा तिची परीक्षा. मी वाढवलाय त्याला.

नात माझ्याजवळ सरकली. "आजी, मनापासून म्हणाले का?"

"नाही. पण म्हणाला ना? पुन्हा विचारू नको. तो परत यायच्या आत त्या कोचला हो सांग. आणि फोन इथं लाव, माझ्यासमोर. कसा बोलतो मेला, मलाही ऐकू दे."