भट्टीमामांची माती

भट्टीमामा माती जिभेला लावून ओळखत. सोलापूरजवळच्या सिमेंट कारखान्याच्या लॅबमध्ये मी रुजू झाले, त्या दिवशी त्यांनी एक पांढरा खडा जिभेला टेकवला. तो चिकटून बसला. "चिनी माती हाय. कोकनातली," ते म्हणाले. दुपारी चाचणीचा निकाल आला. तोही तेच सांगत होता.

माती भाजून तिची पूड सिमेंटमध्ये मिसळायची, म्हणजे चुनखडी कमी जाळावी लागते, असा प्रयोग तेव्हा चालू होता. नमुने भाजायचं काम मामांचं. एकदा मी भट्टी फार तापवली. ते रागावले नाहीत. "मॅडम, भाजली की माती जागी हुती. लई भाजली की मरती," एवढंच म्हणाले आणि तो नमुना 'मेलेली' अशी चिठ्ठी लावून माझ्या टेबलावर ठेवला.

कोकणातून माती आणणं महाग पडू लागलं, म्हणून जवळपास शोध सुरू झाला. मंद्रूपकडच्या मामांच्या गावी विहीर खणताना तांबड्या मातीचा थर लागला होता. पहिला नमुना उत्तम निघाला. कंपनी जमीन घेणार, अशी गावभर बोलवा झाली. विहिरीभोवतीचं रान मामांच्या थोरल्या भावाचं होतं.

कारखान्याचे साहेब व्यवहार ठरवायला निघाले, तेव्हा मामा त्यांच्या केबिनमध्ये गेले.

"साहेब, आदी अजून चार ठिकानी खोदून बगा की."

"मामा, रान तुमच्याच घरचं ना?"

"व्हय. म्हनूनच म्हनतो."

चारही खड्ड्यांत थर जेमतेम वीतभर निघाला. खाली नुसता काळा दगड. व्यवहार बारगळला.

भाऊ कारखान्याच्या फाटकावर आला. सगळ्यांदेखत म्हणाला, "तू गप बसला असता तर काय बिगडलं असतं?" त्यानंतर भावाने बोलणं टाकलं.

पुढच्या उन्हाळ्यात पुतणीचं लग्न निघालं. गावातल्या इतर कामगारांना पत्रिका आल्या, मामांना आली नाही. लग्नादिवशी ते नवी टोपी, इस्त्रीचा सदरा घालून कामावर आले. जेवणाच्या सुट्टीआधी ते खिडकीशी उभे राहिले, खिशातून चिमूटभर अक्षता काढल्या आणि गावाच्या दिशेने टाकल्या.

मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं.

"बारा चाळीसचा मुहूर्त हाय," ते म्हणाले.