टिपणीस बाईंचा गुलाबी तुकडा

काचेच्या ब्युरेट सहा, नऊशे साठ रुपये. झाकणाच्या प्लॅस्टिक बाटल्या चार डझन, दोनशे चाळीस. डिस्टिल्ड पाण्याचे कॅन दोन, एकशे चाळीस. मोहोरबंद लहान खोका एक, त्यावर कवटीचं चित्र, किंमत लिहिलेली नाही. वर आणून देण्याची हमाली वीस.

हा माल आमच्या मजल्यावर आला तेव्हा समोरच्या बिऱ्हाडाला कुलूप होतं. ब्युरेट खातात की पितात हे मला ठाऊक नव्हतं. बिलावर होतं तसं रोजच्या वहीत उतरवून घेतलं, हमाली दिली आणि सगळं गॅलरीत ठेवलं. कवटीचं चित्र असलेली वस्तू देवघरावरून आत कशी न्यायची? संध्याकाळी एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई दाराशी आल्या. हातात वीस रुपये होते. "आधी हे घ्या, ओळख मग करू," म्हणाल्या. प्रा. विजयाताई टिपणीस यांचा आणि माझा परिचय असा झाला. या वर्षी बाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. गौरवग्रंथात विद्वान मंडळी लिहिणारच आहेत. माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या गृहिणीने का लिहावं, असं मी संपादकांना विचारलं. ते म्हणाले, दाराला दार लागून राहिलेलं दुसरं कोणी नाही. तेव्हा लिहिते.

बाईंनी पनवेलच्या कॉलेजात आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी दूरशिक्षणाच्या पदवीची प्रात्यक्षिकं शिकवण्याचं काम पत्करलं. मुलं कुठली कुठली होती. करंजाड्याचा दिवसा नोकरी करणारा, चिरनेरची घरात आजारी माणूस असलेली. पुस्तक घरी वाचता येतं, पण प्रयोग घरी कसा करणार? एक जुने सहकारी हसून म्हणाले होते की, हे पत्राने पोहायला शिकवण्यासारखं आहे. बाई रागावल्या नाहीत. "पोहायला पाणी लागतं. ते आपण पाठवू," म्हणाल्या.

आणि खरंच पाठवलं. प्रत्येक विद्यार्थ्याला पातळ द्रावणांच्या लहान बाटल्या, ब्युरेट म्हणजे थेंब मोजून सोडायची काचेची नळी आणि पाण्याची बाटली अशी पेटी जाई. रविवारी सकाळी बाई संगणकासमोर बसत आणि मुलं आपापल्या घरून प्रयोग करत. पेट्या भरायला मी जाऊ लागले. बाटल्यांवरची नावं माझ्या हातची असत. बाई म्हणत, तुमचं अक्षर कुणालाही लागतं, माझं फक्त मला. माझ्या पूजेच्या वेळी त्यांनी कधी उग्र वासाची बाटली उघडली नाही. रोज आधी खिडकीतून विचारत, "सुमनताई, आरती झाली का?"

नाव घालण्यावरून एक गंमत झाली. उरणकडच्या खाडीकाठची हर्षला ही तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. घर मासेमारीचं, कडेवर पाच महिन्यांचं मूल, पनवेलला येणं अशक्य. घरातल्या मोठ्या मुलांचा हात पोचू नये म्हणून तिने पेटी देवाच्या फळीवर ठेवली. तिच्या सासूबाईंनी ती निवळ, मोहोरबंद, नाव न घातलेली पाण्याची बाटली पाहिली आणि कोणीतरी तीर्थक्षेत्राहून आणली असेल असं समजून रोज देवीला त्यातलं पाणी घातलं. रविवारी हर्षला म्हणाली, "मॅडम, पानी संपलं. देवीची आंघोल झाली." बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. दुसऱ्या दिवशी नवी बाटली गेली. तिच्यावर मी बाईंच्या सांगण्यावरून लिहिलं: हे साधं पाणी आहे, देवाजवळ ठेवू नये.

खरी अडचण रंगाची होती. आम्लात थेंब थेंब सोडा घालत गेलं की एका थेंबाला द्रावण फिकट गुलाबी होतं. तिथेच थांबायचं. एक थेंब पुढे गेलं तर गडद, एक मागे राहिलं तर बिनरंगी. पण संगणकाच्या पडद्यावर तो गुलाबी रंग येतच नसे. हर्षला सांगे, "झालाय मॅडम, गुलाबी झालाय," आणि इथे आम्हाला नुसतं पाणी दिसे. प्रत्येकाचा गुलाबी निराळा, म्हणून किती सोडा लागला ते आकडेही निराळे.

त्याच सुमारास सुनेच्या साडीवर ब्लाउजपीस घ्यायला मी मॅचिंगच्या दुकानात निघाले, तर बाई सहज सोबत आल्या. मी पदराची कातरलेली चिंधी काढून दुकानदारापुढे ठेवली. बाई त्या चिंधीकडे बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्या परत मला घेऊन त्याच दुकानात. सोबत थर्मासच्या पिशवीत नेमकं गुलाबी झालेलं द्रावण भरलेला काचेचा चंबू. दुकानदाराने अठरा गुलाबी काढले आणि विचारलं, "मॅडम, लग्न कुणाचं?" बाई म्हणाल्या, "आम्लाचं." मग दुकानदारानेच कापडं दाराशी नेली, ट्यूबलाइटखाली रंग फसतो, उजेडात बघा म्हणाला. हे मॅचिंग घेणाऱ्या सगळ्याच बायकांना माहीत असतं. चंबू शेजारी धरून बाईंनी बघितलं, पुन्हा बघितलं, मग हळूच मला म्हणाल्या, "तुम्ही निवडा. दोन फिकट रंगांतला फरक माझ्या डोळ्यांना आता कळत नाही." मी निवडला. पाव मीटर घेतलं. त्याचे बोटभर तुकडे करून प्रत्येक पेटीत एक घातला. सूचना एकच: दारात, उजेडात, पांढऱ्या कागदावर ठेवून, तुकड्याशी जुळलं की थांबा. पुढच्या रविवारी सगळ्यांचे आकडे जवळ आले.

परीक्षेच्या दिवशी बाहेरचे परीक्षक बाईंच्या घरी आले. हर्षलाची ती शेवटची संधी होती; राहिली असती तर तीन वर्षं पाण्यात. परीक्षकांनी स्वतः बनवलेलं द्रावण आधीच टपालाने गेलं होतं. त्याची तीव्रता त्यांनाच ठाऊक, खिशातल्या चिठ्ठीवर लिहिलेली; बाईंनाही नाही. हर्षलाने उलट्या स्टुलाच्या पायाला ब्युरेट बांधली होती. ब्युरेटवरच्या आकड्याचं एक वाचन झालं आणि तिच्याकडची लाईट गेली. पडदा काळा. बाईंनी फोन लावून मोठ्या आवाजावर ठेवला. परीक्षक म्हणाले, ती दिसत होती तेव्हा रंग दिसत नव्हता, आता तीही दिसत नाही, मी गुण कशाला द्यायचे? बाई शांतपणे म्हणाल्या, "आकड्याला द्या, सर. तो तुमच्या खिशात आहे."

फोनवर स्टूल ओढल्याचा आवाज आला. मग सासूबाईंचा, दारात वाळत घातलेल्या बोंबलांवरून. "अगो, बोंबील उचलू का तुजा कारखाना उचलू?" "बोंबील उचला, आई. मला उजेड पायजे." बराच वेळ नुसता वारा ऐकू येत होता. मी मनात नामस्मरण करत होते. बाईंनी दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले होते.

"मॅडम," हर्षला म्हणाली, "पयलं वाचन खोडा. ते आत दिव्याखाली घेतलं. हितं बगते तर तुकड्यापेक्षा गडद हाय. मी परत करते."

तिने दोनदा केलं. दोन्ही आकडे सारखे आले. परीक्षकांनी खिशातली चिठ्ठी उलगडली, बघितली, परत घडी केली. मग विचारलं, "तो तुकडा कुठला म्हणालात?" जाताना ते एक तुकडा घेऊन गेले.

हर्षला पदवीधर झाली. आज ती द्रोणागिरीला एका कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते आणि मूल शाळेत जातं. निकालाचा पेढा तिने पाठवला तो बाईंनी अर्धा मला दिला. त्या वर्षीच्या अहवालात बाईंनी शेवटी एक ओळ घातली: साहित्य व्यवस्था, सौ. सुमन, शेजारी. मॅट्रिकच्या निकालानंतर माझं नाव छापून आलं ते तेव्हाच. मी ते पान देवघरात ठेवलं नाही, बाई रागावल्या असत्या. कपाटात ठेवलं आहे.

बाई, सध्या आपण अलिबागला भावाकडे आहात, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी. समोरच्या दाराला कुलूप बघून मला सकाळी आरतीची वेळच कळत नाही. परमेश्वर आपल्याला निरोगी, भरपूर आयुष्य देवो, आणि जितकं देईल तितकं लख्ख दिसत राहो. सोबत त्या पाव मीटरातला उरलेला एक तुकडा पाठवते आहे. पट्टी निघाली की तो दारात, उजेडात धरून बघावा आणि गुलाबी दिसला का ते मला उलटटपाली कळवावं. फोन करू नये. स्वतःच्या हाताने लिहावं. अक्षर बघूनच मला कळेल, डोळे किती निवळले ते.