पैसा माझा, नाव त्याचं

कुणी वाचलंच तर माफी असावी. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, चौथीनंतर शाळा सुटली. अक्षर वेडंवाकडं येतं, त्यात मात्र शाळेचा दोष नाही. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत. ती कशी गेली तेच लिहायला बसले आहे.

पोरीच्या वेळी माझं ऑपरेशन करावं लागलं. दवाखान्याचे पैसे सिल्लोडच्या मोठ्या दिरांनी भरले. पोर निळी निघाली, रडेना. डॉक्टर तिची पाठ चोळत होते, ते मला दिसत होतं. शेजारी उभ्या आयाबाईनं येशूचं नाव घेतलं आणि पोर रडली. तेव्हापासून मी रविवारी त्या आयाबाईबरोबर प्रार्थनेला जाऊ लागले.

दिरांना हे झोंबलं. एक दिवस ते मुकुंदवाडीच्या आमच्या खोलीवर आले. मी पाट्यावर मिरची वाटत होते.

"पैसा माझा, नाव त्याचं, व्हय गं?" ते म्हणाले. "देव्हाऱ्यात ठेव की त्याचा फोटो, कोण नाय म्हणतंय? पण तोच एक देव म्हणतीस म्हणं! आता एवढंच म्हण, बाई. येशू माणूस व्हता, मेला, संपला. म्हण, सगळे पैसे सोडले."

मी पदर पुढं ओढला. त्यांच्यासमोर मी कधी बोललेच नव्हते.

"म्हण की," नवरा म्हणाला. "तोंडाचं काय जातंय?"

मी तोंड उघडलं. "देव व्हता," निघालं. "अन् हाय."

नवऱ्यानं केस धरून माझं डोकं भिंतीवर आपटलं. खाली पडले तर टाक्यांच्या जागीच लाथ घातली. पोर झोळीत किंचाळत होती. दीर पलंगावर बसून हसत होते. "देव व्हता तर खिळे उपटून खाली का नाय उतरला? मार खाऊन मेला की!"

"बोलव त्याला," नवरा म्हणाला. त्यानं माझा हात पाट्यावर दाबला आणि वरवंटा घातला. वाळकी शेंग मोडावी तसा आवाज झाला. रक्त मिरचीत गेलं, मिरची जखमेत गेली. मी ओरडले ती त्या आगीनं.

"बास रे, मरंल," दीर म्हणाले आणि धोतर सावरून पाय वर घेतले.

का नाही उतरला, हे आधी मलाही कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पण गाल फरशीला टेकलेला असताना ते मला कळलं. तो उतरला असता तर तिथं खाली माझ्याजवळ कुणीच नसतं. मेलेला माणूस असा जवळ येत नाही.

नवऱ्यानं पुढंही मारलं, पण ते वाक्य म्हणायला पुन्हा सांगितलं नाही. मी डाव्या हातानं भाकरी थापायला शिकले. खानावळीला भाकरी देऊन दिरांचे पैसे थोडे थोडे पाठवत राहिले. शेवटचे द्यायला पोरीला घेऊन एसटीनं स्वतः सिल्लोडला गेले.

दिरांनी थुंकी लावून नोटा मोजल्या. पोरीकडं बघून म्हणाले, "आता तरी सांग. हिला कुणी वाचवलं?"

"देवानं," मी म्हणाले. पदर तोंडावरून मागं घेतला होता. "दवाखान्याचे पैसे तेवढे तुमचे व्हते, दादा. ते आज फिटले."