भिंगरीच्या चाकातली हवा

आमचे दाजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, सायकली दुरुस्त करतात. चाकाचा आऊट काढावा तर त्यांनीच. वेडंवाकडं डुलणारं चाक नुसतं फिरवून बघतील, दोन-तीन आरे जरासे आवळतील, की चाक सुतासारखं सरळ. माझं शिवणाचं दुकान त्यांच्या भिंतीला लागून असल्यामुळे त्यांचं कसब आणि त्यांचा हेका, दोन्ही मी आयुष्यभर जवळून पाहिलंय. कसबाबद्दल कुणी वावगं बोललं तर मी भांडायला उठेन. हेक्याबद्दल मात्र माझ्यासमोर त्यांची बाजू कुणी घेऊ नये.

हेका एकच. शर्यतीच्या सायकलला टायर बारीक हवं आणि त्यात हवा ठासून हवी. तरुणपणी ते स्वतः शर्यतीत उतरायचे, आणि तेव्हा सगळे पट्टीचे स्वार तेवीस मिलिमीटरच्या टायरवर, बोटभर रुंदीच्या, हवा शंभर पौंडांच्या वर नेऊन पळायचे. टायर दाबलं तर ते नाही, अंगठा मागे यायला हवा. दाजी भरून झालं की टायरवर टिचकी मारत, कान लावत आणि समाधानानं मान हलवत. त्यांच्या पंपावरच्या, हवा मोजायच्या गेजची काच कधीच फुटली होती आणि काटा एका जागी झोपला होता. गेज लागतं ते बोटं नसलेल्यांना, असं ते म्हणत. असल्या सायकलवर खडबडीत रस्त्यानं गेलं की हाडन् हाड खिळखिळं होतं आणि हातांना मुंग्या येतात. दाजींना वाटे, त्या मुंग्या म्हणजेच वेग.

भिंगरी त्यांची एकुलती एक मुलगी. लहानपणी एका जागी टिकत नसे म्हणून ते नाव पडलं, आणि पुढे तिनं ते शर्यतीच्या सायकलवर बसून खरं केलं. दाजींची छाती तेव्हा जी फुगली ती फुगलीच. रोज सकाळी ती सरावाला निघायच्या आधी तिची सायकल ते स्वतः पुसत, साखळीला तेल देत, हवा भरत. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, तिनं स्वतःसुद्धा नाही. बापलेकीत बोलणं तसं बेताचंच. पण दाजी पंपावर वाकलेत आणि ती दाराला टेकून केस बांधतेय, हे बघताना मला नेहमी वाटे की यांना बोलायची गरजच काय.

मग तिच्या क्लबात नव्या प्रशिक्षक बाई आल्या, आणि एक दिवस भिंगरी अठ्ठावीसच्या टायरांची जोडी घेऊन दुकानात हजर. टेबलावर ठेवून तिनं बापाला नीट समजावलं. टायर रुंद घ्यायचं आणि हवा बेतानं भरायची, म्हणजे ते खडीवरून उडत नाही, दबतं आणि रस्ता धरून ठेवतं. उडण्यात जी ताकद वाया जाते ती पुढे जायला लागते. हवा किती, ते स्वाराच्या वजनावर. मागच्या चाकावर भार जास्त, म्हणून पुढच्यात जरा कमी. रस्ता ओला असला तर दोन्हीत आणखी थोडी कमी. तिच्यासारख्या हलक्या मुलीला सत्तरसुद्धा जास्तच होईल.

मी शिंपी माणूस, मला ते ऐकताक्षणी पटलं. गावातल्या सगळ्यांना मी एकाच मापाचा शर्ट घातला तर लोक मला दुकानासकट उचलून नेतील, असं मी दाजींना म्हणालोही. दाजींनी टायर हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि विचारलं की सायकल शर्यतीला न्यायची आहे की पाळणा म्हणून टांगायची आहे. हे टायर चाक धरणाऱ्या चिमट्यात मावणारच नाही, म्हणाले. ते मावलं. तेव्हा ब्रेकला घासेल म्हणाले. तेही घासलं नाही. शेवटी तोंड वाकडं करून त्यांनीच ती टायरं चढवली, आणि चढवली अशी की कडेची रेघ सगळीकडून सारखी. काम वाईट करणं त्यांच्या हातात नाही, हीच तर पंचाईत आहे.

मात्र त्या दिवसापासून हवा भिंगरी भरू लागली. क्लबातून आणलेलं छोटं गेज लावायची, आकडा बघायची, गेज खिशात टाकायची. दाजी पाठ फिरवून कुणाच्या तरी पंक्चरला ठिगळ लावत बसत.

पुढे निवडीची शर्यत आली. जिंकणाऱ्या मोजक्या मुली संघात जाणार होत्या. पुढच्या वर्षी भिंगरी त्या वयोगटात बसणार नव्हती, त्यामुळे जे काय व्हायचं ते याच खेपेला. ताईच्या तोंडचं पाणी पळालं होतं. भिंगरी मात्र शांत होती. त्या सकाळी भुरभुर पाऊस होता. तिनं अंगणात बसून दोन्ही चाकांतली हवा मोजली, थोडी सोडली, परत मोजली. शर्यतीच्या जागी पोचल्यावर तिला पाठीवर लावायचा नंबर आणायला आत जायचं होतं. सायकल दाजींच्या हातात देऊन ती म्हणाली, फक्त धरा. मी आणि ताई तोवर पुढे, उताराखालच्या वळणावर जागा पकडायला गेलो होतो. रस्ता तिथं दगडी फरशीचा होता आणि पावसानं चकचकत होता.

पुढचं मला दाजींनीच नंतर सांगितलं. ते सायकल धरून उभे होते. शेजारी दुसऱ्या मुलींच्या सायकली, दुसऱ्यांचे बाप. दाजींचा अंगठा आपोआप टायरवर गेला. टायर दबलं. त्यांना वाटलं, पोरीनं काळजीच्या भरात हवा फारच सोडली, आता ही शर्यतीत नुसती फरफटत जाणार. पंप पिशवीत होताच. लेकीचं नुकसान व्हावं असं या माणसाच्या मनात कधी स्वप्नातही आलं नसेल. त्यांनी प्रेमानं हवा भरली, दोन्ही चाकांत, अंगठा मागे येईपर्यंत. ती धावत आली, घाईत बसली आणि रांगेत जाऊन उभी राहिली. दाजी आमच्याकडे आले तेव्हा चेहऱ्यावर असं समाधान होतं की ताईलाही जरा धीर आला.

पहिल्या फेरीला भिंगरी पुढच्या घोळक्यात होती. वळणावर तिची सायकल फरशीवरून टणाटणा उडाली, मागचं चाक सरकलं, तिनं ब्रेक दाबला. बाकीच्या सुळकन निघून गेल्या. दुसऱ्या फेरीला ती घोळक्याच्या शेवटी होती आणि वळण घेताना पाय काढून जवळजवळ थांबलीच. तिसऱ्या फेरीला ती एकटीच आली. आमच्यासमोर उतरली, बसली, व्हॉल्व्हचं छोटं नट सैल केलं आणि बोटानं दाबून धरलं. फुस्स आवाज आला. अंगठ्यानं बघितलं, पुन्हा दाबलं. मग दुसरं चाक. आजूबाजूची माणसं तिला पळ, पळ म्हणत होती आणि ती बापानं भरलेली हवा सोडत होती.

उठताना तिला दाजी दिसले.

"बाबा, तुम्ही भरली?"

दाजींनी मान हलवली.

"मी म्हटलं होतं ना, फक्त धरा."

आवाज चढलेला नव्हता. ती बसली आणि गेली. आणि मग ती अशी सुटली की काय सांगू. त्याच वळणावरून, त्याच ओल्या फरशीवरून, ब्रेकला हात न लावता. एकेकीला मागे टाकत ती आली, पण गेलेला वेळ भरून निघाला नाही. निवडलेल्यांत शेवटची जी मुलगी होती, तिच्या मागच्याच घोळक्यात भिंगरी होती.

घरी कुणी आरडाओरडा केला नाही. दाजींना तो चालला असता. पोरीनं सायकल आपटली असती, चार शब्द सुनावले असते, तर त्यांनी खाली मान घालून ऐकून घेतले असते आणि कदाचित मोकळे झाले असते. भिंगरीनं यातलं काही केलं नाही. पहिल्यासारखी जेवली, पहिल्यासारखी बोलली. फक्त सायकल दुकानात न लावता आपल्या खोलीत, पलंगाच्या बाजूला लावू लागली. मी दाजींना नाही नाही ते बोललो. जा, तिच्यासमोर उभे राहा आणि चुकलो म्हणा, एवढं सांगून सांगून माझी जीभ झिजली. ते म्हणायचे, म्हणतो. आणि पुन्हा कामात डोकं घालायचे. मला त्यांचा राग यायचा आणि त्यांच्या पाठीकडे बघून तो टिकायचाही नाही.

नंतर त्यांनी नवं गेज आणलं. हवा भरायला येईल त्याला ते वजन विचारू लागले. कुठल्या रस्त्यानं जाता, मागे ओझं लावता का, टायर कितीचं आहे. लोक हसायचे, म्हणायचे की तुम्ही हवा भरताय की सोयरीक जमवताय. बारीक टायर मागायला कुणी आलं तर दाजी त्याला बसवून घेऊन रुंद टायरांचे फायदे सांगत, अगदी भिंगरीच्या शब्दांत. ती त्या वेळी दारावरून गेली तर बोलता बोलता थांबत.

भिंगरी काही दिवस सराव करत राहिली. मग रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली. सराव आठवड्यातून एकदा झाला, मग महिन्यातून, मग बंदच. मी एकदा विचारलं तर म्हणाली, मामा, सकाळी उठवत नाही आता. एके दिवशी बघतो तर त्याच सायकलच्या हँडलला तिनं टोपली बसवून घेतलेली.

परवा दुपारी ती टोपलीत पिशव्या टाकून आली आणि सायकल दाजींच्या दुकानासमोर लावली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी कापडाला कात्री लावत होतो, ती तशीच धरून ठेवली.

"बाबा, हवा बघता का जरा?"

दाजी उठले ते हातातला पाना खाली पाडूनच. गेज काढलं, ते तीनदा शर्टाला पुसलं. पुढच्या चाकापाशी गुडघे टेकून बसले. पंप लावला, दांडा धरला आणि मान वर करून तिच्याकडे बघितलं.

"भिंगरे, किती भरू?"

ती टोपलीत काहीतरी शोधत होती. तिनं वर बघितलंही नाही.

"कितीही भरा हो बाबा. बाजारापर्यंतच तर जायचंय."